प्रबोधनकार ठाकरे : वाणीचे सामर्थ्य आणि वाणीची परीक्षा



गेल्या हिवाळ्यातील एका रविवारची गोष्ट. उपासना आटोपल्यावर रामाकोन्याच्या आमच्या लहानशा मंडळीबरोबर आम्ही अंगणात चहा घेत उभे होतो. शब्बाथशाळेत मुलांना शिकविणाऱ्या एका तरुणाने मोबाईल काढून कोणा पुढाऱ्याचे भाषण सर्वांना ऐकविले. भाषण रंगलेले होते. बाहेरून आलेल्या लोकांनी आपले सर्व काही कसे बळकाविले याचे त्यात वर्णन होते, आणि मधूनमधून त्या लोकांच्या बोलण्याची व पेहरावाची नक्कलही होती. अंगणात हशा पिकला. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. मग त्या तरुणाने आम्हांला विचारले की, यात खोटे काय आहे ते सांगा. हा तरुण नोकरीसाठी दोन वर्षे नागपुरास खेटे घालून रिकाम्या हाताने परत आलेला. त्याच्या प्रश्नात टवाळी नव्हती, दुखणे होते. त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही.

घरी जाताना मनात आले की, बाहेरचा म्हणजे नेमका कोण? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, पण राज्य तेच. आमच्या चुलीजवळ मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी. महाराष्ट्रात आमची मुले मध्य प्रदेशची ठरतात, आणि भोपाळात मराठी ठरतात. त्यातून आम्ही ख्रिस्ती, म्हणजे गावात मूठभर. बाहेरचा दाखविणारे बोट फिरत फिरत उद्या आमच्यावरही येऊन थांबू शकते. तरीही आम्ही हसलो होतो. असे का झाले?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका माणसाचे चरित्र फार उपयोगी पडले. त्यांना जाऊन पन्नासाहून अधिक वर्षे झाली. केशव सीताराम ठाकरे हे त्यांचे नाव, पण महाराष्ट्र त्यांना प्रबोधनकार म्हणून ओळखतो. वाणीचे शास्त्र त्यांनी स्वतः लिहिले, वाणीने मोठी कामे केली, आणि ज्या संघटनेचे नाव त्यांनी ठेवले तिने वाणीच्याच बळावर मुंबई हलवून सोडली. शब्द कोठे औषध होतो व कोठे विष होतो, हे एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांत येथे पाहावयास मिळते.

केशवरावांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल येथे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताची होती. त्यांच्यावर अधिक संस्कार झाला तो आजीचा. तिला घरात बय म्हणत. ती सुईणीचे काम करी व अडलेल्या बाईची जात पाहत नसे. लहानग्या केशववर महाराची सावली पडली म्हणून तो बाटला, अशी ओरड एकदा इतर मुलांनी केली. तेव्हा बयने एका ब्राह्मण मुलाला धरून उभे केले व त्याची सावली नातवावर पाडली. एका सावलीने खाली जाता येते तर दुसरीने वर चढता आले पाहिजे, असा तिचा साधा हिशेब होता. ही गोष्ट नातू जन्मभर विसरला नाही.

शिक्षण पनवेल, कल्याण अशा ठिकाणी झाले, आणि काही काळ देवास येथील व्हिक्टोरिया हायस्कुलात. देवास हे मराठी राजांचे संस्थान होते, पण मुलूख माळव्याचा. आज तो मध्य प्रदेशात मोडतो. म्हणजे महाराष्ट्राच्या अस्मितेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते स्वतः एके काळी परमुलुखात विद्या घेत होते. आपल्यासारख्या सीमेवरच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. परीक्षेच्या फीचे पैसे वेळेवर जमले नाहीत, म्हणून मॅट्रिकची पायरी चढावयाची राहून गेली. पुढे त्यांनी टंकलेखन केले, नाटक मंडळ्यांत काम केले, सरकारी बांधकाम खात्यात नोकरी केली, विम्याचे काम केले. पोटासाठी वणवण म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

वाचन मात्र अफाट होते. त्या काळच्या सुधारकांच्या लेखनाचा, विशेषतः लोकहितवादी व जोतीराव फुले यांचा, त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी ‘वक्तृत्वशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. मराठीत या विषयावर तेव्हा फारसे काही नव्हते. व्यासपीठावर उभे राहून माणसांची मने कशी हलवावयाची, याचा त्यांनी असा पद्धतशीर अभ्यास केला होता.

ही विद्या त्यांनी कोणावर चालविली? आरंभ दुखावलेल्या जातिअभिमानातून झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी कायस्थ प्रभूंना कमी लेखले, तेव्हा १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून ठाकऱ्यांनी त्यांना उत्तर दिले. पण ते तेथेच अडकून पडले नाहीत. आपल्या जातीवरचा अन्याय पाहता पाहता त्यांना आपल्याहून खाली दडपलेल्यांवरचा अन्याय दिसू लागला. १६ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांनी ‘प्रबोधन’ हे नियतकालिक सुरू केले, आणि त्यावरून त्यांना प्रबोधनकार हे नाव पडले. अस्पृश्यता, बालविवाह, विधवांचे हाल, देवळांच्या नावाने चालणारी लूट यांवर त्यांची लेखणी आसुडासारखी फिरली. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांचे चाहते. तरीही त्या दरबारचे चुकले असे वाटले तेव्हा ठाकऱ्यांनी त्यावरही टीका करण्यास मागेपुढे पाहिले नाही.

हुंड्याविरुद्धची त्यांची मोहीम अजून सांगितली जाते. सुशिक्षित पांढरपेशी घरे लग्नात हुंडा घेत. तेथे ठाकरे व त्यांचे तरुण सोबती गाढवाची वरात काढून त्या प्रतिष्ठितांची फजिती करीत. येथेही नक्कल होती, टवाळी होती, हशा होता. पण तो हशा आपल्याच उंबरठ्यावर होता. हसणाऱ्याला घरी गेल्यावर आपल्या मुलाच्या लग्नाचा विचार करावा लागे.

१९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य बांधवांना पूजेचा अधिकार मिळावा म्हणून जो वाद पेटला त्यात प्रबोधनकार पुढे होते. रावबहादूर बोले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नावही त्या प्रसंगाशी जोडलेले आहे. पुढे दादरला सर्वांना मोकळा असा नवरात्रोत्सव सुरू करण्यातही त्यांनी पुढाकार घेतला.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रबोधनकारांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर महाराष्ट्रातील पुष्कळ विद्वानांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. केडगावच्या मुक्ती मिशनबद्दलही नाही नाही ते बोलले गेले. प्रबोधनकार हिंदू होते व हिंदूच राहिले. तरीही धर्म बदललेल्या या स्त्रीच्या कार्यापुढे त्यांनी मान लवविली. ज्याला लोक बाहेरचा म्हणून टाकतात त्याला आपल्यापैकी म्हणून जवळ घेणे, हे त्या लेखणीचे वैभव होते. अक्षरशत्रू पण महाज्ञानी अशा गाडगेबाबांचेही चरित्र त्यांनी लिहिले.

वयाच्या सत्तरीत ते संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात उतरले. साम्यवादी, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षाचे, आंबेडकरांचे अनुयायी असे नाना मतांचे लोक त्या समितीत एकत्र आले होते. मागणी सत्तेपाशी होती व स्पष्ट होती. शंभरावर माणसे त्या लढ्यात प्राणांस मुकली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. सौंसर-पांढुर्णा त्यात आले नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

राज्य मिळाले, पण मुंबईत मराठी माणसाच्या ताटात फारसा फरक पडला नाही. १९६१ च्या जनगणनेत मुंबईतील मराठी भाषकांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के भरले. कारखाने व मोठ्या कचेऱ्यांचे मालक बहुधा दुसरे, वरच्या जागांवर दुसरे, आणि मॅट्रिक झालेला गिरगाव-लालबागचा मुलगा दाराबाहेर. हे दुःख खरे होते. १३ ऑगस्ट १९६० रोजी प्रबोधनकारांचे पुत्र बाळ व श्रीकांत यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. त्याचे नाव वडिलांनीच सुचविले होते. त्यात कंपन्यांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. त्या नावांत दाक्षिणात्य नावे बहुत असत. युक्तिवाद करावा लागत नव्हता, यादी वाचली की रक्त तापे. १९ जून १९६६ रोजी संघटना स्थापन झाली. तिला शिवसेना हे नाव प्रबोधनकारांनी दिले. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवाजी पार्कवर पहिला मेळावा भरला. एक्क्याऐंशी वर्षांच्या वृद्ध पित्याने त्या व्यासपीठावरून आपला मुलगा महाराष्ट्राच्या स्वाधीन केला, असे त्या सभेविषयी सांगतात.

आता त्या वाणीचा विचार करू. कारण ती एका पक्षाची किंवा एका प्रांताची नाही. देशोदेशी ती थोड्याफार फरकाने सारखीच ऐकू येते. ती खऱ्या दुखण्यापासून आरंभ करते, म्हणूनच ती गोड लागते. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याला वाटते की अखेर कोणी तरी आपले ऐकले. ती पंडिती भाषेत बोलत नाही, ओट्यावरच्या भाषेत बोलते, टोपणनावे ठेवते, हसविते; आणि एकत्र हसणारी माणसे घटकाभरात एक होतात. मग ती दुखण्याला एक चेहरा देते. नोकऱ्या का नाहीत, भांडवल कोठे जाते, शाळा कशा आहेत, हे प्रश्न किचकट. पण शेजारच्या खानावळीचा मालक डोळ्यांसमोर असतो. शेवटी ती ऐकणाऱ्याला सांगते की तू निर्दोष आहेस, तुझ्यात सुधारावयाचे काही नाही, जे बिघडले ते सर्व दुसऱ्याने बिघडविले, आणि ते दुरुस्त करील असा एकच माणूस आहे. मग त्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे फितुरी ठरते.

न्यायाने हेही सांगावयास पाहिजे की शिवसेनेने केवळ भाषणे केली नाहीत. वस्तीवस्तीत शाखा निघाल्या. रुग्णवाहिका, नळाची तक्रार, नोकरीचा अर्ज, घरातले भांडण, अशा कामांसाठी गरिबाला जावयास एक दार मिळाले. लोक केवळ द्वेषासाठी तेथे गेले असे म्हणणे खोटे होईल. ते आधारासाठी गेले. पण आधाराबरोबर द्वेषही पदरात पडला.

त्याचे फळ लवकरच दिसले. मुंबईत उडप्यांच्या खानावळींवर हल्ले झाले. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून झालेल्या दंगलीत पन्नासावर माणसे मेली. पुढे शत्रू बदलत गेला. आधी दाक्षिणात्य, मग साम्यवादी, १९८० नंतर मुसलमान, आणि या शतकात त्याच घराण्यातून निघालेल्या दुसऱ्या पक्षाच्या तोंडी उत्तर भारतीय. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली, आणि न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्या हिंसेसाठी शिवसेनेच्या नेतृत्वाला दोष दिला. शत्रू बदलला तरी भाषणाचा साचा तोच राहिला. यावरून समजावे की त्या साच्याला अमुकच माणूस हवा असतो असे नाही. कोणी तरी हवा असतो.

प्रबोधनकारांना यांतील आरंभच पाहावयास मिळाला. २० नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘माझी जीवनगाथा’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. पुढच्या सर्व गोष्टींचा दोष त्यांच्या माथी मारणे योग्य नव्हे. पण नाव त्यांनीच दिले आणि आशीर्वादही दिला, हेही झाकावयाचे नाही. बयच्या अंगणात सावलीचा धडा शिकलेल्या माणसाला तेव्हा काय वाटले असेल, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्हांला इतकेच दिसते की, जन्मभर अन्यायाविरुद्ध शब्द वापरलेल्या थोर माणसाच्या हातूनही शब्द निसटून जातात. मग आपण कोण?

मंडळी यातून सुटते असे कोणी समजू नये. १९३२ मध्ये जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार होते. हिटलरने त्या खऱ्या दुःखाला यहूद्यांचा चेहरा दिला, आणि आपल्यासारख्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील कितीतरी लोकांनी व पाळकांनी त्याचे स्वागत केले. मार्टिन नीमोलर हे पाळक आरंभी त्याच्या बाजूला होते. डोळे उघडल्यावर त्यांनी विरोध केला, १९३७ मध्ये त्यांना अटक झाली व १९४५ पर्यंत ते कैदेत राहिले. आपण उशिरा बोललो, याची खंत त्यांनी पुढे उघडपणे व्यक्त केली.

आणि दूर कशाला जावे? काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावी संध्याकाळच्या सभेत आम्ही उपदेश करीत होतो. सभा थंड होती. आम्ही दुसऱ्या एका पंथाच्या रीतिरिवाजांची थोडी नक्कल केली. लोक हसले, आमेन आमेन असा गजर झाला, आणि आमचा आवाज चढत गेला. सभा संपल्यावर एक वृद्ध आजी काठी टेकीत आल्या. त्यांनी शांतपणे विचारले की, बाबू, त्यांचे सर्व समजले, पण आज आमच्यासाठी काय आणले होते? त्या रात्री आम्हांला जेवण गेले नाही. टाळी मिळविण्याचा सोपा रस्ता आम्हांलाही ठाऊक आहे, आणि आम्ही त्यावर चाललो आहो, हे त्या आजींनी दाखवून दिले.

आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय या दृष्टीने शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी जरूर वाचावे. संदेष्टा दिमिष्काची पापे सांगतो, मग गज्जाची, सोराची, अदोमाची, अम्मोनाची, मवाबाची. सर्व शेजारी, सर्व परके. ऐकणारे इस्राएल लोक खूश होऊन माना डोलवीत असतील. तेथे थांबता तर आमोस लोकप्रिय वक्ता ठरता. पण तो पुढे यहूदाकडे येतो, आणि शेवटी खुद्द इस्राएलाकडे, जोड्यांच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्या त्याच श्रोत्यांकडे. लूकाच्या चौथ्या अध्यायात नासरेथचे लोकही आपल्या गावच्या येशूवर प्रसन्न होते. सारफथची विधवा व सुरियाचा नामान या परक्यांवर देवाची कृपा झाली, हे त्याने आठवून देताच ते त्याला कड्यावरून लोटावयास निघाले.

आमच्या अल्पमतीप्रमाणे वाणीची परीक्षा हीच. भाषण ऐकून उठताना माझ्या स्वतःच्या घराकडे काही बोट वळले काय, की केवळ दुसऱ्याच्याच? हुंड्याची गाढवाची वरात पहिल्या प्रकारची होती. नावांची यादी दुसऱ्या प्रकारची होती. दोन्हींत हशा होता, दोन्हींत कौशल्य होते, आणि दोन्ही एकाच घरातून निघाल्या.

वर्गात मुलांना आमोसाची शहरे एकेक करून वाचून दाखवावी, प्रत्येक नावाला टाळी वाजवू द्यावी, आणि शेवटी आपल्या गावाचे नाव घ्यावे. टाळी आपोआप थांबते. त्या शांततेत जे शिकवावयाचे ते शिकवावे.

राहिला तो आमचा तरुण. पुढच्या रविवारी आम्ही त्याला ही सर्व हकीकत सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला की, हे पटले, पण नोकरीचे काय? आणि तो बरोबर होता. त्याचे दुखणे खरे आहे, आणि दोन वर्षे आम्ही त्याला फक्त प्रार्थनेचे आश्वासन दिले होते. त्या पुढाऱ्याने निदान त्याच्या दुखण्याचे नाव तरी घेतले होते. मग मंडळीतील दोन वडीलधारे, एक निवृत्त शिक्षक आणि आम्ही असे बसलो. अर्ज कोठे करावयाचे, परीक्षांची तयारी कशी, संत्र्याच्या व्यापारात कोणाकडे काम शिकता येईल, याचा विचार केला. आता महिन्यातून एक शनिवार त्यासाठी राखला आहे. तेथे ख्रिस्ती असण्याची अट नाही. मागच्या खेपेस इतर धर्मांची दोन मुलेही आली होती. नोकरी अजून लागली नाही, पण तरुण दर वेळी येतो.

वाचकहो, ज्या दाराशी दुखावलेल्या माणसाचे ऐकले जाते त्या दाराशी तो जातो. ते दार आपले नसेल तर दुसऱ्या कोणाचे असेल, आणि आत गेल्यावर त्याला काय शिकविले जाईल हे आपल्या हाती राहणार नाही. प्रभू आपल्या जिभेला लगाम आणि आपल्या दाराला मोकळेपणा देवो.